पाला कळता कामा नये

मनुबाईची अर्धशिशी उठली की येळ्ळूरच्या त्या आळीत सगळ्यांना कळायचं. तिच्या घरचा कोंबडासुद्धा त्या दिवशी दबकत आरवतो, असं शेजारची मालुबाई सांगत सुटायची. मालुबाईच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायचं असतं हे गावाला ठाऊक होतं, पण उरलेलं निम्मं खरं होतं. दारं लागायची, चूल विझायची आणि मनुबाई आतल्या खोलीत भाताच्या कणगीमागं अंधारात पडून राहायची.

दुखणं डाव्या बाजूचं. आधी डोळ्यांपुढं काजवे चमकायचे, मग डाव्या भुवईवर कुणीतरी आतून खुंटी ठोकायला बसायचं. दिवस चढेल तसं दुखणं चढायचं. उजेड नको, आवाज नको, शिजत्या भाताचा वाससुद्धा नको. पोटात काही उरलं नाही तरी ओकाऱ्या थांबायच्या नाहीत. ज्याला हे कधी झालं नाही त्याला सांगून कळत नाही, आणि ज्याला झालंय त्याला सांगायची गरज नाही. तेव्हा तेवढ्यावर सोडून देऊ.

सात-आठ वर्षांची पोर होती तेव्हापासून तिच्या मागं हे लागलं होतं. पण तेव्हा आई होती.

आई, अंबुबाई, गुंजीची. गुंजी म्हणजे खानापूरच्या पलीकडचं रानातलं गाव, आगगाडी थांबते म्हणून लोकांना माहीत. मनूचं डोकं उठलं की अंबुबाई पहाटे तांबडं फुटायच्या आत घराबाहेर पडायची. जाताना कुणाशी बोलायचं नाही, कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. परत यायची ती मूठ पदराखाली झाकून. परड्यात एक दगड त्याच कामासाठी वेगळा ठेवलेला होता. त्यावर पाला ठेचायची, वास ओळखू येऊ नये म्हणून त्यात आणखी काय काय मिसळायची आणि आत येऊन म्हणायची, "मने, डोळं मिट." मग रस उजव्या नाकपुडीत पिळायची, कारण डावं दुखलं तर औषध उजवीकडून. चोथा कपाळाला बांधायची आणि पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसायची. ऊन उंबऱ्याला लागेतो खुंटी सैल झालेली असायची.

या औषधाला एक अट होती. ज्याला ते द्यायचं त्याला पाला कळता कामा नये. कळला की त्याच्यापुरता त्याचा गुण गेला. तो दुसऱ्याला देऊ शकतो, पण त्याच्या स्वतःच्या डोक्याला तो पाला मग गवतासारखा. शिवाय हे बायकांचं औषध. बाईनं बाईलाच सांगायचं, आणि तेही घरातल्याच. पुरुषाच्या कानी घालायचं नाही. शिकलेल्यांनी हसायचं असेल तर खुशाल हसावं. हसणाऱ्यांचं डोकं कधी दुखलेलं नसतं, एवढंच माझं म्हणणं. आणि पाल्याचं नाव मीही इथं सांगणार नाही. वाचणाऱ्यांत कुणाची अर्धशिशी असली तर उगाच माझ्या माथी पाप नको.

लग्न होऊन मनू येळ्ळूरला आली, यमनाप्पाच्या घरात. माणूस भला होता. भातशेती होती, बैलगाडी होती, सुगी झाली की तो तांदूळ घेऊन निपाणीपर्यंत भाडी मारायचा. दुखणं मात्र मनूबरोबर सासरी आलं. अमावास्या जवळ आली की ते हटकून उठायचं. अंबुबाईनं ते ओळखलं होतं. निरोपाची वाट न बघता अमावास्येच्या आधी ती गुंजीला गाडीत बसायची, देसूरला उतरायची आणि बांधाबांधानं चालत येळ्ळूर गाठायची. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच, "मने, डोळं मिट."

मनूला तिची एकच गोष्ट खटकायची. आई कपाळाला जुन्या लुगड्याची काळी पट्टी करकचून बांधून यायची. पदर त्याच्यावरून ओढलेला, डोळे बारीक केलेले. सासरच्या बायका बघायच्या.

"आये, म्हातारीगत डोकं काय बांधून फिरतीस?" मनू कुजबुजायची. "मालुबाई इचारती, तुझी आई देवऋषीण हाय काय म्हणून."

"केसात त्याल लई झालंय गं. ओघळतंय," अंबुबाई म्हणायची.

"मग कमी घालावं की!"

"घालीन पुढच्या वक्ताला कमी."

पुढच्या खेपेला पट्टी पुन्हा तशीच. एकदा तर मनूला औषध देऊन झाल्यावर अंबुबाई गोठ्यामागं जाऊन ओकली. गाडीचा धूर लागला, म्हणाली. मनूचं डोकं नुकतंच उतरलं होतं आणि डोकं उतरलं की तिला सपाटून भूक लागायची. ती आत बसून दही-भाकरी खात होती. आईला धूर लागतो, म्हातारं माणूस, असं तिच्या मनात आलं आणि तिनं दुसरी भाकरी मोडली.

मग मानमोडीची साथ आली. तापानं घरंच्या घरं झोपली. येळ्ळूरला मनूची सासू गेली, गुंजीला अंबुबाई गेली. मनू स्वतः तापात होती. आईचं तोंड बघायला तिला जाता आलं नाही. अंगात उभं राहण्याइतकी ताकद आली तेव्हा बारावा दिवस उजाडला होता.

बाराव्याला ती गुंजीला गेली. भाऊ भरमा डोकं भादरून ओसरीवर बसला होता. रडून झालं, पानं उठली, आणि परड्यात भांडी घासत बसलेल्या भावजयीपाशी जाऊन मनूनं विचारलं, "दुर्गे, आयेनं पाला कुणाला सांगितला?"

दुर्गाबाईचा हात भांड्यावर थांबला. तिनं वर बघितलं नाही. "मला न्हाय ठाव, वन्सं."

"जाताना काय बोलली असंल की."

"न्हाय बोलल्या."

मनू परत आली. आई गेली ते गेली, वर औषधही घेऊन गेली, असं तिला वाटलं. पुढं महिनाभरानं बेळगावच्या शनिवारच्या बाजारात गुंजीची एक बाई भेटली. ती आपली सहज बोलून गेली, "तुझी भावजय गुणाची हाय बाई. अंबुबाईमागं आता तीच अर्धशिशीचं औषध देती. माझ्या नणंदंला लागू पडलं."

मनूच्या अंगाचा तिळपापड झाला. भर बाजारात ती काही बोलली नाही, पण घरी येऊन यमनाप्पाला म्हणाली, "मेलो तरी आता त्या उंबऱ्यावर पाय ठेवणार न्हाय. आयेच्या तेराव्यालासुदिक माझ्याशी खोटं बोलली ती."

"तू तर बाराव्याला बोलली म्हणालतीस," यमनाप्पा म्हणाला. भला माणूस होता, पण कुठं गप्प बसावं हे त्याला कधी कळलं नाही.

आता डोकं उठलं की गावानं औषधं सांगावीत आणि मनूनं ती करावीत, असं सुरू झालं. मालुबाईनं जिलबी सांगितली: सूर्य उगवायच्या आत, उगवतीकडं तोंड करून, दुधात भिजवून. मनूनं खाल्ली आणि ओकली. उरलेली जिलबी मालुबाईनं वाया जाऊ दिली नाही. यमनाप्पानं निपाणीहून तपकिरीची डबी आणली. निपाणीच्या माणसाला कुठलंही दुखणं सांगा, तो तंबाखूच हातावर ठेवणार. एक चिमूट ओढली आणि मनूला ज्या शिंका आल्या त्या प्रत्येक शिंकेला खुंटी बोटभर आत गेली. यमनाप्पा ती डबी पुढं स्वतः वापरू लागला. शहापूरच्या वैद्यानं नाकात गाईच्या तुपाचे थेंब सोडायला सांगितले, सुंठ उगाळून लेप द्यायला सांगितला, उपाशी राहू नको, उन्हात उघड्या डोक्यानं जाऊ नको म्हणाला. त्यातलं काही खोटं नव्हतं. तुपानं कधी कधी बरं वाटायचं. ऊन पाण्यात पाय सोडून, कपाळावर गार फडकं ठेवून अंधारात पडलं की एखाद्या वेळी झोप लागायची. सगळ्यानं थोडं थोडं हलकं व्हायचं, पण आईच्या मांडीवर जसं उतरायचं तसं उतरायचं नाही.

एकदा डोकं बरं असताना ती बांधावर गेली आणि दिसेल तो पाला तोडून तळहातावर चुरडून हुंगत सुटली. आई अंधारात इथंच कुठंतरी यायची, पाला इथलाच असणार, हे तिला माहीत होतं. सापडला तर आपल्यापुरता गुण जाईल हेही माहीत होतं. पण तिला पाला नकोच होता. तिला तो वास हवा होता. डोळे मिटलेले असताना नाकापाशी येणाऱ्या आईच्या बोटांचा तो कडू, ओला वास एकदा मिळावा, मग डोकं फुटलं तरी चालेल, असं तिला झालं होतं. वास मिळाला नाही. खाजकुयली मात्र मिळाली. दोन दिवस तिचे हात पुऱ्यांसारखे फुगले होते आणि मालुबाईला आठवडाभर पुरेल एवढं बोलायला झालं.

दिवस असेच जात होते. दुसऱ्या वर्षीच्या मळण्या चालल्या होत्या. मनूची एकुलती एक पोर, जयवंता, खळ्यावर खेळत होती. आठ वर्षांची असेल. दुपारी ती खेळ टाकून घरात आली आणि डाव्या डोळ्यावर हात धरून दारात उभी राहिली.

"आये," तिनं विचारलं, "भर दिसा भितीवर काजवं कसं गं दिसत्यात?"

मनुबाईच्या हातातलं सूप खाली पडलं.

ती रात्र तिनं पोरीचं डोकं मांडीवर घेऊन काढली. पोर कण्हत होती, ओकत होती आणि मधेच "आये, काढ गं ते" म्हणत होती. काय काढ, हे मनूइतकं कुणाला कळणार? तिनं तूप घातलं, पाय शेकले, फडकी बदलली. मांडी होती, हात होते, आई समोर होती. फक्त औषध नव्हतं. आपण नसतो तर पोरीनं आपल्यासाठी रडायचं, आणि आपण असून काय उपयोग, असं तिच्या मनात येत राहिलं.

पोरीचं डोकं दुसऱ्या दिवशी दुपारी उतरलं. संध्याकाळी मनूनं गाठोडं बांधलं. "कुठं?" यमनाप्पानं विचारलं.

"गुंजीला."

यमनाप्पानं तोंड उघडलं, उंबऱ्यावर पाय न ठेवण्याची आठवण त्याच्या ओठांवर आली होती. पण बायकोचं तोंड बघून या एका खेपेला त्यानं ते मिटलं. सकाळी गाडी जुंपून त्यानं दोघींना देसूरला सोडलं.

आगगाडीच्या धुरानं आणि खडखडाटानं खानापूर यायच्या आत मनूचं डोकं उठलं. गुंजीला उतरली तेव्हा तिला समोरचं धड दिसत नव्हतं. पोरगीच तिचा हात धरून मामाच्या दारापर्यंत घेऊन गेली. दारात दुर्गाबाई उभी होती. बोलायचं म्हणून मनूनं वर्षभर मनात साठवलेलं सगळं त्या क्षणी विरून गेलं.

"डावं न्हवं?" दुर्गाबाईनं विचारलं. उत्तराची वाट न बघता तिनं मनूला आत नेलं, खिडकीला घोंगडं लावलं आणि पोरीला ओसरीवर पेज वाढली.

पहाटे मनूला परड्यातून दगडाचा आवाज ऐकू आला. तोच दगड. मग पावलं आत आली.

"वन्सं, डोळं मिटा."

रस नाकात उतरला आणि तो वास आला. कडू, ओला, तोच. मनूच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. बोटं वेगळी होती, जाड होती, नखं राखेनं खरबरीत झालेली होती. पण बांधायची रीत तीच होती: आधी एक वेढा सैल, मग दुसरा घट्ट. दुर्गाबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, काही न विचारता. ऊन उंबऱ्याला लागलं तेव्हा खुंटी सुटली होती.

तो दिवस मनूनं अधाशासारखा जगून घेतला. ओसरीवर बसून तिनं उन्हाकडं सरळ बघितलं. समोरच्या ऐनाच्या झाडावर ऊन हलत होतं, आणि त्याचा तिला त्रास होत नव्हता. शिजल्या भाताचा वास चांगला लागत होता. भरमा बैलांवर ओरडला तेसुद्धा गोड वाटलं. डोक्यात काही नसणं हे केवढं मोठं सुख असतं, ते ज्याच्या डोक्यात काही असतं त्यालाच कळतं. दुपारी दुर्गाबाई तांदूळ निवडायला शेजारी येऊन बसली तेव्हा मनूनं विचारलं.

"बाराव्याला खोटं का बोललीस?"

"खरं बोललो असतो तर तुमी पाला मागितला असता," दुर्गाबाई सुपातून वर न बघता म्हणाली. "तुमी मागितला असता तर मला न्हाय म्हणवलं नसतं. आन् मग तुमचा गुण गेला असता. मला वाटलं, डोकं उठलं की येतीलच हितं. मी देईन. तुमी आलाच न्हाई. दर आवसंला मी सांजच्या गाडीला ठेसनावर जाऊन बघत होतो."

दर अमावास्येला आपण कणगीमागं पडून जिला शिव्या घालत होतो ती स्टेशनावर उभी होती, ही गोष्ट गिळायला तिला वेळ लागला.

"आता मागाया आलोय," ती शेवटी म्हणाली. "जयवंताचं सुरू झालंय."

दुर्गाबाईचा हात थांबला, बाराव्याला थांबला होता तसाच. "पोरीला हितं ठेवा माझ्यापाशी. मी बघीन. तुमी बी येत जावा. दोघींचंबी भागंल."

तोड चांगली होती. मनूला मोह झाला, आणि तो खरा मोह होता. पोरीला इथं ठेवलं तर तिचं डोकं उतरेल, आणि आपलंही उतरत राहील. पण मग तिला त्या रात्रीचं "आये, काढ गं" आठवलं. पोरीनं अंधारात पडून दुसऱ्या गावच्या आईसाठी झुरायचं, जशी आपण झुरलो, हे तिला पटेना.

"आईबिगर तिनं ऱ्हायचं न्हाय. आनि औषधाला सकाळची वाट बघायची का गाडीची? मला दाव, दुर्गे."

"वन्सं, इचार करा. आत्याबाईंनी जे भोगलं ते तुमीबी भोगणार काय?"

"आयेनं काय भोगलं?"

दुर्गाबाईनं पहिल्यांदा तिच्याकडं नीट बघितलं. "तुमास्नी खरंच ठाव न्हाय?"

ती उठून आत गेली आणि खुंटीवरनं काहीतरी काढून घेऊन आली. जुन्या लुगड्याची काळी पट्टी होती, मधे कपाळावर बसायची तिथं विरून गेलेली.

"त्यांचंबी डोकं उठायचं," दुर्गाबाई म्हणाली. "तुमच्यागतच, डावं. तुमच्या आजीच्या हातनं त्यास्नी लागू पडायचं. मग तुमी ल्हान असताना तुमचं सुरू झालं, आन् आजी तवा थकल्याली. ती म्हणाली, अंबू, आता डोळं उघडून बघ, न्हायतर पोरीला कोण देईल? आत्याबाईंनी बघितलं. त्याच्यामागनं त्यांच्या डोक्याला कशाचा गुण आला न्हाय."

मनूची नजर पट्टीवरच्या विरलेल्या जागेवर गेली.

"आवसंला तुमचं उठायचं न्हवं? तवाच त्यांचंबी उठायचं. तसंच डोकं बांधून गाडीत बसायच्या. मी म्हणायचो, आत्याबाई, आज नका जाऊ, उभं ऱ्हाववत न्हाय तुमास्नी. तर म्हणायच्या, माझं काय, मला सवय हाय. ती पोर एकटी असंल."

मनुबाईनं पट्टी हातात घेतली. तिला गोठ्यामागची ओकारी ऐकू आली, आणि आपण मोडलेली दुसरी भाकरी आठवली. केसात तेल कमी घाल म्हणालो होतो. मालुबाई देवऋषीण समजते म्हणालो होतो. तीच खुंटी डोक्यात घेऊन ती देसूरपासून उन्हातून चालत यायची, आणि आपण तिच्या मांडीवर डोळे मिटून पडायचो. एकदा उघडले असते तर तिचं तोंड दिसलं असतं. आईची आठवण तिला रोजच यायची, पण या दुपारी ती अशी आली की मनूला बसल्या जागी तोंडात पदर कोंबावा लागला. आई आता एकदा, एकदाच समोर यावी, आपण तिचं डोकं मांडीवर घ्यावं आणि ऊन उंबऱ्याला लागेतो दाबत बसावं, बाकी काही नको, असं तिला झालं.

दुर्गाबाई तिच्या पाठीवर हात ठेवून बसली होती. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "जाताना त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. मनू सोताच्या डोक्यासाठी पाला मागाया आली तर सांगू नको, म्हणाल्या. पोरीसाठी आली तर अडवू नको."

म्हणजे आईनं हेही बघून ठेवलं होतं. मनूनं डोळे पुसले.

"आणखी एक डाव घेतो तुझ्या हातनं," ती हळूच म्हणाली, लहान पोरीनं गूळ मागावा तशी. "पुढल्या आवसंला येतो. तवा दाव."

"तसं करू," दुर्गाबाई म्हणाली. तिला बरंच वाटलं.

पण पोराबाळांची दुखणी आपल्या सोयीनं येत नाहीत. पहाटेच्या अंधारात जयवंतानं हाक मारली. ती उठून बसली होती, डाव्या डोळ्यावर हात धरून. "आये, ते परत आलं."

मनूनं तिला निजवलं. दुर्गाबाई पदर खोचून दारात तयार उभी होती, तिला पहाटे जाग यायचीच. आता तिनं जावं, आणावं, द्यावं, पोरीचं भागलं असतं. मनूनं डोळे मिटून पडून राहायचं, एवढंच. दुर्गाबाई तेवढ्यासाठीच थांबली होती, काही न बोलता. कारण आता बोलायचं नव्हतं.

मनुबाई उठली आणि तिच्या मागोमाग बाहेर पडली.

दोघी परड्यातून ओढ्याकडं गेल्या. अजून तांबडं फुटलं नव्हतं. गावदेवी माउलीच्या देवळाकडून कुणीतरी दुर्गाबाईला हाक मारली, तिनं ओ दिली नाही. ओढ्याच्या काठाला ती वाकली, आणि हात पाल्याला लावायच्या आधी तिनं मान वळवून मनूकडं एकदा बघितलं. मनूनं डोळे मोठे उघडे ठेवले होते. दुर्गाबाईनं पाला तोडला आणि तिच्या हातावर ठेवला.

येळ्ळूरला तिच्या शेताच्या बांधावर तो रग्गड होता. दर वर्षी पेरणीआधी बांध साफ करताना ती स्वतः विळ्यानं कापून त्याचे ढीग टाकायची. हुंगून बघताना तिनं त्याच्याकडं ढुंकूनही बघितलं नव्हतं, इतका तो नेहमीचा होता.

तिनं दगडावर पाला ठेचला. त्यात काय काय मिसळायचं ते दुर्गाबाईनं एक एक करून तिच्यापुढं ठेवलं. मग ती आत गेली.

"जयवंता, डोळं मिट."

पोरीनं मिटले. मनूनं उजव्या नाकपुडीत रस पिळला, चोथा बांधला, आधी एक वेढा सैल, मग दुसरा घट्ट, आणि डोकं मांडीवर घेतलं. ऊन उंबऱ्याला लागलं तेव्हा पोर गाढ झोपली होती. उठली ती भूक भूक करतच. दुर्गाबाईनं तिला दही-भाकरी दिली आणि मनू तिला खाताना बघत बसली.

त्या दोघी येळ्ळूरला परतल्या. अमावास्येच्या आदल्या दिवशी मनूच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. आशा मोठी वाईट असते. पहाटे तिनं बांधावर जाऊन पाला आणला आणि स्वतःच्या नाकात पिळून बघितला. वास तोच होता, कडू आणि ओला. ऊन उंबऱ्याला लागलं, उंबरा ओलांडून आत आलं, पार कणगीपर्यंत पोचलं, आणि खुंटी तिथंच होती. मग तिनं गाठोड्यातून आईची पट्टी काढली आणि कपाळाला करकचून बांधली. चूल पेटवायची होती, मळणीवर माणसं येणार होती.

जयवंता उठून चुलीपाशी आली आणि आईकडं बघतच राहिली. मग तिला हसू आलं.

"आये, म्हातारीगत डोकं का गं बांधलंस?"

मनुबाईनं डोळे बारीक करून चुलीत फुंकर मारली.

"केसात त्याल लई झालंय," ती म्हणाली. "ओघळतंय."